पुस्तक छापायला टाकण्याआधी

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रांचा सूर बहुधा मुद्रकाविरुद्ध आहे. पण मुद्रक हाती आलं तेच छापतो. यातल्या निम्म्याहून जास्त चुका फाइल त्याच्याकडे जाण्याआधी, आपल्याच टेबलावर झालेल्या आहेत.

प्रश्न : ललित लेखांचा संग्रह आहे. वीस लेख, मिळून सुमारे ४०,००० शब्द. माझ्या हिशोबानं १७० पानं होतात. मुद्रक म्हणतो, १७० नको, एकतर १७६ करा नाहीतर १६०वर आणा. असं का? आणि त्यानं सांगितलेला कागद बरोबर आहे की नाही, हे कसं तपासायचं? (सातारा)

आधी एक घोळ मिटवू. तुम्ही ‘पान’ म्हणता तेव्हा कागदाची एक बाजू मोजता. बाइंडर ‘पान’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा अख्खा कागद, म्हणजे दोन बाजू. बोलणी करताना ‘पृष्ठं’ हाच शब्द वापरा.

मराठी ललित पुस्तकांचा नेहमीचा आकार डेमी १/८, म्हणजे कापून झाल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंच. यात १३ पॉइंटचं अक्षर आणि दोन ओळींमध्ये १८ पॉइंट अंतर ठेवलं, वर-खाली पाऊण-पाऊण इंच समास सोडला, की पृष्ठावर २८ ओळी बसतात आणि साधारण २५० ते २८० शब्द मावतात. मध्यम धरून ४०,००० शब्दांची १५० पृष्ठं. प्रत्येक लेख नव्या पृष्ठावर सुरू केला तर लेखामागे सरासरी अर्धं पृष्ठ कोरं जातं, त्याची दहा. शीर्षक, प्रकाशनाचा तपशील, अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रम यांची आठ-दहा. म्हणजे तुमचे १७० बरोबर आहेत.

पण छपाई सुट्या पृष्ठांची होत नाही, फॉर्मची होते, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या पृष्ठांच्या गठ्ठ्याची. डेमी १/८चा एक फॉर्म १६ पृष्ठांचा. १६० म्हणजे १० फॉर्म, १७६ म्हणजे ११. आठ पृष्ठांचा अर्धा फॉर्मही घेता येतो, त्यामुळे १६८ हा मधला आकडाही चालतो. १७० छापायला बसलं तर शेवटच्या दोन पृष्ठांसाठी वेगळी जुळणी, वेगळी प्लेट आणि वाया जाणारा कागद, असा सगळा भुर्दंड.

१६०वर यायचं असेल तर अक्षर बारीक करू नका. मराठीत वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. अक्षर लहान केलं की अनुस्वार आणि उकार आधी मरतात. १८चं अंतर १७ केलं तर पृष्ठावर एकच ओळ वाढते, दीडशे पृष्ठांत जेमतेम पाच पृष्ठं वाचतात. त्यापेक्षा आधीचा लेख संपला की थोडी जागा सोडून त्याच पृष्ठावर पुढचा सुरू करा, तिथली दहा पृष्ठं थेट वाचतील. लेख दीर्घ आणि वेगवेगळ्या प्रकृतीचे असतील तर मात्र आम्ही १७६ घेऊ. लेखाच्या आधीची कोरी जागाही वाचकाला लागते.

आता कागद. २३ बाय ३६ इंचांच्या तावातून दोन्ही बाजूंनी मिळून ३२ पृष्ठं निघतात, म्हणजे फॉर्मला अर्धा ताव. ११ फॉर्मना प्रतीमागे साडेपाच ताव, ५०० प्रतींना २,७५०. एका रिमात ५०० ताव, म्हणून साडेपाच रीम. या मापाचं ७० जीएसएमचं (चौरस मीटरला ७० ग्रॅम) एक रीम १८.७ किलो भरतं; साडेपाच रिमांचे सुमारे १०३ किलो. वर नासाडी धरावी लागते. मशीनवर शाई आणि जुळणी बसेपर्यंत प्रत्येक फॉर्ममागे काही ताव जातातच, मग प्रती ५०० असोत की २,०००. कोटेशनमध्ये यापेक्षा फारच मोठा आकडा दिसला तर सरळ विचारा, कागद कुठे गेला?

प्रश्न : जुना मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला होता. तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. छापून आल्यावर ‘दऱ्या’चं सगळीकडे ‘दर्या’ झालेलं, काही ठिकाणी पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर. दोष रूपांतर करणाऱ्याचा की मांडणी करणाऱ्याचा? (सांगली)

दोघांचा, आणि शेवटची प्रत न तपासणाऱ्याचाही. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला म्हणजे अर्थच बुडाला.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत संगणकाला मराठी अक्षर कळतच नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले होते, कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे रफार. हे तुकडे डोळ्याला दिसतात त्या क्रमानं टाइप व्हायचे. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी सगळ्यांत आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क्रम उच्चाराचा: स, हलन्त, थ, वेलांटी. रूपांतर करणारी प्रणाली वेलांटी उचलून मागे नेते, पण कुठवर न्यायची हे तिला जोडाक्षर ओळखता आलं तरच कळतं. तीन व्यंजनांचं जोडाक्षर आलं की ती चुकते. रफाराचं उलट. तो अक्षरानंतर टाइप झालेला असतो आणि आधी न्यावा लागतो.

‘ऱ्य’ची गोष्ट आणखी वेगळी. ‘र्य’मधला रफार आणि ‘ऱ्य’मधला आडवा र, असे र चे दोन वेगळे अवतार हिंदीत लागत नाहीत, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या प्रणाली दोन्हींचा रफार करून टाकतात. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचं विचारायचं, हा फरक मराठीलाच ठाऊक. फटका बसतो तो नेहमीच्या शब्दांना: दुसऱ्या, साऱ्या, बऱ्याच, पायऱ्या, करणाऱ्या. ‘ऱ्ह’ही तसाच, तऱ्हा, वऱ्हाड, गोऱ्हा.

दुरुस्ती अशी करा. आधी जुन्या फाइलची जुन्याच फॉन्टमधली पीडीएफ करून बाजूला ठेवा. पुढे शंका आली तर मूळ हेच. संपूर्ण पुस्तक एकदम बदलू नका, एक लेख बदलून बघा. मग ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून निर्णय घ्या. ‘सगळीकडे बदला’ हे बटण इथे विष आहे, कारण मग सूर्य, कार्य, धैर्य यांचंही वाटोळं होतं. ‘करणार्या’, ‘दुसर्या’ असे शब्द, ज्यांचं दुसरं रूप संभवतच नाही, तेवढेच एकगठ्ठा बदला.

टाइप करताना इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ उमटतो. पुढे ‘डी’ म्हणजे हलन्त, आणि तिरक्या रेघेच्या कळीवर य. काहीजण साधा र, हलन्त आणि य च्या आधी एक अदृश्य जोडचिन्ह घालून हेच रूप काढतात. कागदावर दोन्ही सारखी दिसतात, शोधताना मात्र एक सापडतं आणि दुसरं निसटतं. फाइलमध्ये दोन्ही असतील तर आधी एकाच पद्धतीवर आणा. ‘ॲ’चंही तसंच. तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप होतो किंवा अ वर चंद्र देऊन. जुन्या फॉन्टात पहिला प्रकार नसला तर रिकामी चौकट छापली जाते.

मांडणीच्या टप्प्यावर दोन गोष्टी विचारा. इनडिझाइन या मांडणीच्या प्रणालीत काम होत असेल तर ‘वर्ल्ड रेडी’ कंपोजर (आपल्या लिपीतली अक्षरं नीट जोडणारी त्यातली सोय) लावला आहे ना? तो नसेल तर शुद्ध युनिकोड मजकुराचीही जोडाक्षरं फुटतात. दुसरं, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली आहे का? मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपं प्रमाण मानली. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण भाषा हिंदी राहिली तर हिंदी रूपं येतात. फॉन्टात मराठी रूपंच नसतील तर फॉन्ट बदला. ‘लळा’ हा शब्द हिंदी ल घेऊन छापलेला बघवत नाही, हे आमचं वैयक्तिक मत समजा.

प्रश्न : आयएसबीएन किती रुपयांना मिळतो? एकाने पाच हजार सांगितले. (नांदेड)

फुकट मिळतो. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा १३ अंकी क्रमांक. नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे लेखक स्वतः प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करू शकतो. पाच हजार घेणारा फार तर अर्ज भरून देण्याचे घेत असेल. अर्ज प्रकाशन समारंभाच्या आठवड्यात करू नका, हाताशी पुरेसा वेळ ठेवून करा.

साधी बांधणी, पुठ्ठाबांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. जशीच्या तशी दुसरी आवृत्ती काढली तर जुनाच चालतो. मजकूर बदलून सुधारित आवृत्ती काढली तर नवा. या क्रमांकानं कॉपीराइट मिळत नाही. तो लिहिल्या क्षणी तुमचा असतो. दुसऱ्या प्रकाशकाच्या नावावरचा क्रमांक ‘वापरायला’ घेऊ नका, कारण नोंदीत प्रकाशक म्हणून कायमचं त्याचंच नाव राहतं.

आणि एक कर्तव्य बहुतेकजण विसरतात. १९५४च्या कायद्यानुसार पुस्तक प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत स्वतःच्या खर्चानं एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई (एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय), चेन्नई (कोनेमारा) व दिल्ली (दिल्ली पब्लिक लायब्ररी) इथल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. पहिल्या गठ्ठ्यातल्या चार प्रती यासाठीच बाजूला काढा.

प्रश्न : प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एखाद्या कवितेच्या दोन ओळी घातल्या आहेत. मुखपृष्ठावर मी विकत घेतलेलं चित्र, आणि आत आई-वडिलांच्या लग्नातला स्टुडिओत काढलेला फोटो. परवानगी कशाकशाची लागेल? (पुणे)

ओळींपासून सुरू करू. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या ओळी खुशाल घ्या. साने गुरुजी १९५०च्या जूनमध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ उजाडताच मुक्त झालं. ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत थांबायचं किंवा परवानगी घ्यायची. ‘दोनच ओळी चालतात’ असा कुठलाही नियम कायद्यात नाही. टीका किंवा परीक्षण करताना अवतरण देता येतं. प्रकरणाच्या कपाळावर शोभेसाठी लावलेल्या ओळी त्यात बसवणं अवघड. चित्रपटगीताच्या बाबतीत हक्क कवीच्या वारसांकडे नसून संगीत कंपनीकडे असू शकतात, तेव्हा आधी ते शोधा. अनुवादित ओळी असतील तर मूळ कवी मुक्त झालेला असूनही अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो.

चित्र विकत घेतलं म्हणजे भिंतीवर लावायचा हक्क मिळाला, छापायचा नाही. आधीच काढलेलं चित्र तुम्ही घेतलं असेल तर कॉपीराइट चित्रकाराकडेच आहे. त्याच्याकडून लेखी घ्या, आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहा. हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढाल किंवा परदेशातल्या वाचकाला पाठवाल तेव्हा हे आठवेल. चित्रकाराचं नाव प्रकाशनाच्या तपशिलात द्या, कोपऱ्यात मुंगीच्या पावलाएवढं नको.

लग्नाच्या फोटोत तुम्ही सुटलात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. पण नातेवाइकानं हौसेनं काढलेला फोटो असेल तर त्याला विचारा.

प्रश्न : पहिल्या पुस्तकाची पानं एका पावसाळ्यात सुटायला लागली. मुद्रक म्हणतो, परफेक्ट बाइंडिंग असंच असतं. (चिपळूण)

तसं नसतं. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्मच्या घड्या पाठीकडून कापून टाकतात, कापलेली कड खरवडतात आणि त्यावर वितळलेला गोंद देऊन मुखपृष्ठ चिकटवतात. प्रत्येक पान फक्त आपल्या कडेवरच्या गोंदावर उभं असतं. खरवडणं वरवर झालं, गोंद नीट तापला नाही किंवा स्वस्तातला निघाला, की पान हातात येतं. आर्ट पेपरवर तर गोंद कागदाला न धरता वरच्या लेपाला धरतो, म्हणून रंगीत छायाचित्रांचा गठ्ठा मध्ये घातलेल्या पुस्तकांत नेमका तोच गठ्ठा आधी बाहेर येतो.

यावर जुना आणि खरा उपाय जुजबंदी शिलाई. फॉर्म घडीतून दोऱ्यानं शिवायचे, एकमेकांना बांधायचे आणि मग गोंद द्यायचा. खर्च वाढतो, पण पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं आणि पान सुटायचं म्हटलं तर दोरा तुटावा लागतो. १५० पृष्ठांच्या कवितासंग्रहाला नाही केली तरी चालेल. कोश, पाककृती, बंदिशींचं पुस्तक, सतत हाताळलं जाणारं काहीही असेल तर करा. शिलाई परवडत नसेल तर पीयूआर प्रकारचा गोंद मिळतो का विचारा. तो नेहमीच्या गोंदापेक्षा बराच घट्ट धरतो.

दुसरं कारण कोकणात जास्त जाणवतं. कागदाला धाग्यांची दिशा असते. दमट हवेत कागद धाग्याच्या आडव्या दिशेनं फुगतो. धागे कण्याला समांतर असतील तर पुस्तक मोकळेपणानं उघडतं. आडवे असतील तर पाठीकडून गोंदानं जखडलेला आणि बाहेरून फुगणारा कागद लाटांसारखा वाकतो, कण्यावर ताण येतो, पानं निघतात. तपासणी दोन मिनिटांची आहे: वापरायच्या कागदाचा हातभर चौकोनी तुकडा घ्या, दोन्ही दिशांनी फाडून बघा. ज्या दिशेनं सरळ फाटतो ती धाग्यांची दिशा. छापखान्याला ‘धागा कण्याला समांतर’ हे कोटेशनमध्ये लिहायला सांगा. तावातून जास्त पृष्ठं काढण्यासाठी कागद बऱ्याचदा फिरवला जातो.

बांधणी कोरडी व्हायला एक दिवस तरी द्या. समारंभाच्या सकाळी आलेला गठ्ठा हमखास फसतो.

प्रश्न : नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले जुने फोटो वापरता येतील का? (बंगळुरू)

छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात. फोटोची लांब बाजू १,६०० पिक्सेल असेल तर ३००नं भागा: साधारण सव्वापाच इंच. त्यापेक्षा मोठा छापू नका. दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगितलं की मूळ आकार टिकतो. कागदी प्रत हाती असेल तर मोबाइलनं फोटो काढण्यापेक्षा ६००वर स्कॅन करा. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर त्याचे ठिपके आणि छपाईचे ठिपके मिळून जाळी उमटते. स्कॅन करताना ठिपके घालवण्याचा पर्याय निवडा. आतले फोटो कृष्णधवल छापायचे असतील तर आधीच ग्रेस्केल करून थोडे उजळ करा, कारण लेप नसलेल्या कागदावर शाई पसरते आणि काळोख आणखी काळा होतो.

प्रश्न : ५०० छापू की १,०००? (ठाणे)

३००. एवढ्यासाठी डिजिटल छपाई बघा, तिला प्लेट लागत नाही. प्लेटवरून होणाऱ्या ऑफसेट छपाईत प्रती वाढवल्या की प्रतीमागचा खर्च उतरतो, आणि याच मोहात घरातली माळ्यावरची जागा भरते. डिजिटलमध्ये मुखपृष्ठाच्या घडीवर आधी खाच पाडून घ्यायला सांगा, नाहीतर टोनर (डिजिटल यंत्राची भुकटीची शाई) घडीवर तडकतो. किंमत ठरवताना विक्रेत्याचे साधारण ३० ते ४० टक्के, आणि वितरकामार्फत गेलं तर त्याहून जास्त, आधीच वजा करून पाहा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात आधी बघा. आधी छापून मग अर्ज, असा उलटा क्रम करू नका.

प्रश्न : मुद्रकानं अंतिम पीडीएफ पाठवली आहे, आजच होकार मागतो. काय बघू? (नाशिक)

आज देऊ नका. पीडीएफ कागदावर काढून वाचा. पडद्यावर अनुस्वार दिसत नाहीत. ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ, ‘आणि’चं ‘आणी’, ‘परंतु’चं ‘परंतू’, हे एका बैठकीत फक्त तेवढंच शोधत बघा, अर्थ वाचू नका. मग अनुक्रमातला प्रत्येक पृष्ठ-क्रमांक आतल्या पृष्ठाशी जुळवा, आणि आयएसबीएनचे १३ अंक आतल्या तपशिलात, मागच्या मुखपृष्ठावर आणि बारकोडाखाली एकच आहेत का ते मोठ्यानं वाचून पाहा. मुखपृष्ठाच्या चित्राला कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त सोडले आहेत ना? आतला मजकूर फक्त काळ्या शाईचा आहे ना, की चार रंगांचा काळा? चार रंगांचा असेल तर जुळणी केसभर हलली तरी अक्षराला सावली येते. कण्याची जाडी अंदाजानं घेतलेली नसावी. त्याच कागदाची, तेवढ्याच पृष्ठांची कोरी डमी मागवून पट्टीनं मोजा. मुखपृष्ठ कागदावर काढून त्या डमीवर गुंडाळा, ती मुखपृष्ठ वर करून टेबलावर ठेवल्यावर कण्यावरचं नाव सरळ वाचता आलं, की मग सही करा.